वलांडीवरचा सिनेमा

पडदा म्हणजे डबल बेडच्या दोन पांढऱ्या चादरी, मधोमध जोडलेल्या. जोड माझ्या वहिनीने हाताने घातला, तोही जाळं सांधायच्या दोऱ्याने. साधा दोरा आमच्या वाऱ्याला टिकत नाही. खालच्या पट्टीत तिने शिशाच्या गोळ्या ओवल्या. जाळ्याचा खालचा काठ पाण्यात नीट बसावा म्हणून लावतात, त्याच. भावाने नव्या जाळ्यासाठी आणलेलं शिसं होतं ते. तो म्हणाला, "ने, पण उधाणाच्या आधी परत दे."

हा पडदा आम्ही खळ्यावर, म्हणजे मासळी वाळवायच्या मोकळ्या जागेत, दोन वलांड्यांच्या मध्ये ताणला. वलांडी म्हणजे बोंबील वाळवायची बांबूची उभारणी. उभे बांबू, त्यांना आडवे ताणलेले दोर आणि त्या दोरांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. ज्यांना वास येतो त्यांनी नाकाला रुमाल लावावा. आम्हाला तो वास येत नाही.

दिवस निवडला पौष वद्य अष्टमीचा. शहरात असे कार्यक्रम शनिवार-रविवार बघून ठरवतात. कोळीवाड्यात तिथी बघावी लागते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, आणि डोलीचं जाळं ओढीवरच चालतं. खुंटाला बांधलेल्या जाळ्याच्या तोंडात प्रवाह मासळी आणून टाकतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी सुस्त, त्यामुळे डोलीवाले घरी. शुद्ध अष्टमीला मात्र संध्याकाळी डोक्यावर चंद्र असतो आणि पडद्यावर चित्र फिकं पडतं. वद्य अष्टमीचा चंद्र उगवतो मध्यरात्रीच्या सुमारास. म्हणजे माणसं घरात आणि अंधार बाहेर, असा महिन्यातला नेमका दिवस. वेळ साडेसातची, कारण तोवर समुद्रावरून येणारा खारा वारा पडतो आणि जमिनीवरून सुटणारा मतलई वारा अजून जोर धरत नाही. त्या मधल्या दीड-दोन तासांत पडदा हलत नाही. हे गणित माझं नाही, भावाचं.

मी पालघर जिल्ह्यातल्या याच कोळीवाड्यात वाढले. बाबांच्या दोन डोली होत्या, आई टोपली घेऊन बाजारात बसायची. मी प्राणिशास्त्र शिकले आणि आता ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. कॉलेजात मी 'मॅडम', खळ्यावर 'बाय'. त्या संध्याकाळी मला बाय म्हणूनच उभं राहायचं होतं.

शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावर मी लिहिलं: समुद्राचा सिनेमा. खळ्यावर. साडेसात. फुकट. मुख्याध्यापकांनी सुचवलं की 'विनामूल्य' लिहा, बरं दिसतं. मी 'फुकट'च ठेवलं. पण त्या शब्दाने एक वेगळीच अडचण झाली. बाजारातून परतणाऱ्या दोन मावश्या थांबून विचारायला लागल्या, "फुकट दाखवशील, नि शेवटी काय विकशील?" त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्याकडे फुकट कार्यक्रम म्हणजे शेवटी कोणीतरी कुकर काढतं, नाहीतर विम्याचा अर्ज. मी सांगितलं, काही विकायचं नाही, चहासुद्धा माझा. तरी त्यांचा विश्वास बसला तो सिनेमा संपून चहा हातात पडल्यावर.

फुकट म्हणजे खर्च नाही असं मात्र नसतं. प्रोजेक्टर एका ओळखीच्याकडून उसना आणला, स्पीकर भजनी मंडळाचा, वीज सोसायटीच्या बर्फाच्या खोलीतून लांबवलेल्या वायरीची. शिवाय परवानगी. पुष्कळांना वाटतं की चित्रपट इंटरनेटवर दिसतो म्हणजे चौकात लावायला मोकळा. तसं नाही. घरी चारजणांनी बघणं वेगळं आणि शंभर माणसांपुढे लावणं वेगळं. तिकीट नसलं तरी तो जाहीर खेळच ठरतो आणि त्याला हक्कदाराची संमती लागते. कोणाला आपल्या गावात असं काही करायचं असेल, तर चादरी शिवायच्या आधी पत्र लिहावं. पर्यावरणाचे चित्रपट करणारी माणसं शाळांना आणि गावांना बहुतेकदा आनंदाने हो म्हणतात.

हा माझा पहिला प्रयत्न नव्हता. दोन वर्षांपूर्वी मी याच खळ्यावर एक मोठा परदेशी माहितीपट लावला होता. बर्फावरचे वॉलरस, पोवळ्यांच्या बागा, चमकणारे जीव. मुलं हरखून गेली. मोठी माणसं अर्ध्यातच उठायला लागली. शेजारची आजी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चांगला हाय गो बाय. पण ह्यो कुनाचा समुद्र?"

तिच्या त्या प्रश्नाने मला खूप दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. जगातले समुद्राचे सिनेमे निळ्या, नितळ पाण्यात काढलेले असतात, कारण कॅमेऱ्याला तिथेच दिसतं. आमचा समुद्र गढूळ. वर खंबातचं आखात, त्यात नर्मदा, तापी, मही, साबरमती यांचा गाळ. खाली वैतरणा, उल्हास. भरती-ओहोटीचा फरक मोठा, त्यामुळे तो गाळ कधी खाली बसत नाही. पाण्यात हात घातला तर कोपरापुढचं दिसत नाही. पण हाच गाळ खाऊ घालतो. त्यावर प्लवक वाढतं, प्लवकावर जवळा, जवळ्यावर बोंबील. आपल्या देशात बोंबील मुख्यतः गुजरात आणि उत्तर कोकणच्या पट्ट्यात सापडतो, तो याच पाण्यामुळे. म्हणजे ज्या समुद्रावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जगलो, त्याच्या आत काय चाललंय हे आमच्यापैकी कोणी डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. आम्हाला तो हाताने कळतो. जाळ्याच्या वजनावरून, दोराच्या थरथरीवरून, खाली सोडलेल्या शिशाला लागून आलेल्या चिखलावरून. अशा माणसांना वॉलरस दाखवून मी नेमकं काय सांगत होते?

मग मी आपल्या बाजूचा सिनेमा शोधला. माईक पांडे यांचा 'शोअर्स ऑफ सायलेन्स: व्हेल शार्क्स इन इंडिया', २००० सालचा. पांडे केनियात वाढलेले. दूरदर्शनवर त्यांची 'अर्थ मॅटर्स' ही मालिका लागायची, ती वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. हा चित्रपट सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर घडतो. आमच्यापासून तो किनारा दूर नाही. आमच्या जिल्ह्यातली, त्यातही डहाणू-तलासरीकडची कितीतरी पोरं आजही खलाशी म्हणून वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर जातात. लांबी जेमतेम पंचवीस मिनिटांची. म्हातारी माणसं बसू शकतील इतकी.

चित्रपट इंग्रजीत आहे. मी आवाज अर्ध्यावर ठेवायचा आणि स्वतः माईक घेऊन आपल्या बोलीत सांगायचं ठरवलं. पंधरा दिवस रोज रात्री भावाला समोर बसवून वाक्यं म्हणून दाखवली. 'गाळणी पद्धतीने अन्नग्रहण' असं मी लिहिलं होतं. भाऊ म्हणाला, "डोल म्हण ना. तोंड उघडून पाण्यात चालणारी डोल." वर्गात मी इतकी वर्षं हा धडा शिकवते, पण इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं.

त्या दिवशी अंधार पडायच्या आधी मी मुलांना खळ्यावर बोलावलं. होडीचा बारा मीटरचा दोर ताणला आणि चुन्याची फक्की टाकून त्या लांबीचा व्हेल शार्क जमिनीवर काढला. बोथट, रुंद डोकं, पाठीवरचा पर, उभी शेपटी. मग दहा मुलं त्यात डोक्याला पाय लावून झोपली, तेव्हा कुठे तो भरला. हा काही सर्वांत मोठा नव्हे. व्हेल शार्क हा जगातला सगळ्यात मोठा मासा, अठरा मीटरच्या घरातल्या व्हेल शार्कचीही नोंद आहे. आमची मोठी बोट त्याच्या शेजारी लहान दिसेल. नावात व्हेल असलं तरी तो देवमासा नाही. देवमासा हवेत श्वास घ्यायला वर येतो, याला कल्ले आहेत. देवमाशाची शेपटी आडवी असते आणि वरखाली हलते, याची उभी आणि डावी-उजवीकडे. तो मुशीच्या कुळातला. मुशी आमच्या ताटात असते, त्यामुळे मुलांना हे लगेच पटलं. अंगावर पांढरे ठिपके, आणि प्रत्येकाची ठिपक्यांची नक्षी वेगळी, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. आकाशाच्या फोटोंतले तारे एकमेकांशी जुळवून बघायला खगोलशास्त्रज्ञांनी जी गणिती रीत काढली होती, तीच वापरून आता या ठिपक्यांवरून एकेका माशाची ओळख पटवतात. मुलांनी मूठ मूठ चुना घेऊन ठिपके टाकले. एकाने विचारलं, तो माणूस खातो का. मी म्हटलं, त्याच्या तोंडात तू आडवा मावशील, पण गळ्यातून जाणार नाहीस. तो खातो जवळ्यासारखी बारीक कोळंबी, प्लवक, माशांची अंडी, छोटी मासळी.

"एवढा मोठा नि खातो जवळा?" वलांडीवरून बोंबील काढणारी एक काकी मोठ्याने हसली. "मग आमच्यासारखाच हाय की!"

सव्वाशे तरी माणसं आली. बायका पुढे गोणपाटांवर, पुरुष मागे जाळ्यांच्या ढिगांवर, पोरं पडद्याला नाक लावून. सुरुवातीला मासा पाण्यात पोहताना दिसतो. संथ, पाठीवर उन्हाची जाळी पडलेली. मी सांगत होते आणि लोक हुंकार देत होते. मग बोटी येतात. गळ येतो. किनाऱ्यावर ओढलेला मासा येतो, अजून हलणारा, आणि त्याच्यावर चढलेली माणसं. त्या भागासाठी मी दीड पान लिहून आणलं होतं. निर्यात कशी सुरू झाली, मांस तैवानकडे कसं जायचं, भाव कसे चढले. पण मला तोंड उघडवेना. माझ्या आयुष्यात मी लाखो मेलेले मासे पाहिलेत, मासा कापताना माझा हात कधी थरथरला नाही. तरी मी गप्प राहिले. पडद्यावर पाणी लाल झालं होतं आणि खळ्यावर फक्त प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज होता.

सिनेमा संपला, दिवा लावला. मला वाटलं होतं कोणी विचारणार नाही, कारण अशा वेळी आपले लोक पहिल्यांदा बोलत नाहीत. पण मागे जाळ्यांच्या ढिगावरून एक काका उठले. आता सत्तरीला टेकलेले, बाबांच्या ओळखीचे. तरुणपणी कैक हंगाम वेरावळच्या बोटीवर खलाशी होते.

"बाय, त्याला आमी बॅरल म्हनायचो," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, आणि ते मी जसं ऐकलं तसं लिहिते. मार्च ते मे हा हंगाम. मासा पाण्याच्या वरच्या थरात येतो, हळू चालतो, बोटीला घाबरत नाही. उलट जवळ येतो. मोठा लोखंडी गळ, त्याला जाड दोर, दोराला रिकामी पिंपं बांधलेली. गळ अंगात रुतवायचा आणि पिंपं सोडून द्यायची. मासा खाली बुडी मारू बघतो, पिंपं त्याला वर खेचतात. असं तासन्‌तास. दमला की शेपटीला दोर लावून बंदराकडे ओढत न्यायचं. या पिंपांवरूनच तिकडे त्या माशाचं नाव 'बॅरल' पडलं. आधीच्या पिढीत फक्त काळीज काढायचे, त्याचं तेल होडीच्या लाकडाला लावायला, बाकीचं धड टाकून द्यायचे. नंतर मांसाला आणि परांना गिऱ्हाईक आलं आणि बोटी मुद्दाम त्याच्याच मागे निघायला लागल्या.

"मासा ओरडत नाय ना," काका म्हणाले. "ढोर कापलं तर ओरडतं. ह्यो नाय ओरडत. नुसता डोळा आत घ्यायचा."

मी विचारलं, डोळा आत म्हणजे?

त्यांनी मूठ धरली, अंगठा बाहेर ठेवला, आणि अंगठा हळूच मुठीत ओढून घेतला. "असा. जवळ गेलं की डोळा आत. परत बाहेर. परत आत."

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. व्हेल शार्कला पापणी नसते. धोका वाटला की तो बुबुळासकट डोळा खोबणीत मागे ओढून घेतो. जपानी संशोधकांनी मत्स्यालयात त्याच्या डोळ्याचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा डोळ्यावरही दातांसारख्या बारीक कणांचं चिलखत सापडलं. तो शोधनिबंध २०२० चा आहे. आमच्या काकांनी तो डोळा तीसेक वर्षांपूर्वी वीतभर अंतरावरून पाहिला होता आणि इतकी वर्षं कोणाला सांगितला नव्हता, कारण कोणी विचारलंच नव्हतं. कॅमेऱ्याने जे टिपलं त्याहून जवळचं काही या खळ्यावर बसलं होतं. पडदा लावला नसता तर ते माझ्यापर्यंत कधीच आलं नसतं.

काका खाली बसले. त्यांच्या बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी कोणताही उपदेश केला नाही. काका त्या बोटीवर खलाशी होते, मालक नव्हते. घरी पाच तोंडं होती.

पुढची गोष्ट मात्र मी सांगितली, कारण ती सिनेमात नाही, सिनेमानंतर घडली. या चित्रपटाला २००० साली ब्रिटनमध्ये पांडा पुरस्कार मिळाला. त्याला लोक 'ग्रीन ऑस्कर' म्हणतात. पण त्याहून मोठं पुढे झालं. देशातल्या लोकांनी आणि अधिकाऱ्यांनी ही दृश्यं पाहिली, आणि मे २००१ मध्ये केंद्र सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. वाघाच्या रांगेत. असं संरक्षण मिळालेला हा आपल्या देशातला पहिला मासा. पुढच्या वर्षी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारातही त्याचं नाव आलं, आणि तो प्रस्ताव मांडणाऱ्यांत भारत होता.

कायदा झाला तो दिल्लीत. बोटीवरच्या माणसाला तो कोण सांगणार? काल जो मासा पैसे देत होता, त्याच्यासाठी आज तुरुंग, हे त्याला वर्तमानपत्रातून कळणार नव्हतं. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वन खातं आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून जी मोहीम काढली, ती मला चित्रपटाइतकीच मोलाची वाटते. त्यांनी रामकथा सांगणाऱ्या मोरारी बापूंना बोलावलं. बापूंनी त्या माशाला नाव दिलं 'व्हाली'. गुजरातीत व्हाली म्हणजे लाडकी. ही आपली लेक आहे, बाळंतपणाला माहेरी आली आहे, माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारतं का, असं ते सांगायचे. याच कल्पनेवर पथनाट्य बसवलं. त्यात कोळ्याची गरोदर मुलगी बापाच्या घरी येते. खऱ्या आकाराची फुगवलेली व्हाली गावोगाव फिरवली. पोरबंदरने तिला आपल्या शहराचं शुभंकर केलं. 'बॅरल'ची 'व्हाली' झाली, आणि त्या एका शब्दाने कायद्याच्या कलमांना जे जमलं नव्हतं ते केलं. तेव्हापासून गुजरातच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले आहेत.

बापूंची गोष्ट ही गोष्ट आहे, हे शिक्षिका म्हणून मी सांगायला हवं. व्हेल शार्क नेमके कुठे वितात, हे जगात अजून कोणी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे गर्भ निघाले, त्यावरून एवढं नक्की झालं की ती पिल्लं देते. पण माहेरवाशिणीची कल्पना ऐकताना पुढे बसलेल्या बायका ज्या तऱ्हेने एकमेकींकडे बघायला लागल्या, ते पाहिल्यावर मला त्या गोष्टीत खोट काढावीशी वाटली नाही. आमच्याकडेही पहिलं बाळंतपण माहेरीच असतं.

मग मागून एक तरुण बोलला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या जाळ्यात एक सापडला होता. पहाटेची वेळ. जाळं उचलेना, वाटलं ओंडका अडकला. टॉर्च मारली तर ठिपके. "आमी चौघं. दादा म्हनाला काप. मी म्हनालो, अरे नवं जाळं हाय. दादा म्हनाला, काप." कोयत्याने कापलं. मोबाइलवर चित्रण केलं. मासा सुटल्यावर लगेच गेला नाही, थोडा वेळ बोटीशेजारीच राहिला, मग खाली गेला.

त्याने चित्रण का केलं, तेही सगळ्यांना समजायला हवं होतं. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे की जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला, मग तो व्हेल शार्क असो, कासव असो की डॉल्फिन, आणि मच्छीमाराने जाळं कापून तो जिवंत सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्य विभाग मिळून ती चालवतात. पुरावा म्हणून फोटो किंवा चित्रण लागतं. म्हणून कापायच्या आधी एकाने मोबाइल काढायचा, त्यात जाळं, प्राणी आणि बोट तिन्ही दिसायला हवीत, हे मी दोनदा सांगितलं. तरुणाने मान हलवली आणि म्हणाला, "बाय, पंचवीस हजारांत नवं जाळं येत नाय." ते खरंच आहे. नवं जाळं त्याच्या कितीतरी पट महाग असतं आणि ते येईपर्यंतचे दिवस वेगळे. तरी त्याच्या दादाने 'काप' म्हटलं, ते भरपाईचा विचार करून म्हटलं नव्हतं.

इथून पुढे चर्चा माझ्या हातात राहिली नाही, आणि तेच योग्य झालं. कोणी म्हणालं, आम्ही एक मासा सोडतो, आणि बाहेरचे ट्रॉलर तळ खरवडून नेतात त्याचा सिनेमा कुठे आहे? कोणी रात्री समुद्रात लख्ख दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्यांचा विषय काढला. एलईडीच्या उजेडावरच्या मासेमारीला २०१७ मध्ये बंदी आली, तरी क्षितिजावर उजेड दिसतो, असं तीन-चार जण एकदम बोलले. पावसाळ्यातली दोन महिन्यांची बंदी आम्ही पाळतो, जून-जुलै बोटी शाकारून ठेवतो, मग बाकीच्यांना वेगळा समुद्र आहे का, असाही प्रश्न आला. मी उत्तरं द्यायचा आव आणला नाही. प्रश्न वहीत उतरवून घेतले. राग होता, पण तो कुठल्या माशावर नव्हता.

सगळ्यात शेवटी ती मघाची काकी उठली, जवळ्यावरून हसलेली. पदर खोचून, हातात चहाचा कप.

"व्हालीचा झाला. पापलेटाचा कधी दावशील?"

लोक हसले, पण ती हसत नव्हती. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने चंदेरी पापलेट हा राज्यमासा जाहीर केला. त्यासाठी मागणी लावून धरली होती ती आमच्याच जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांनी, कारण पापलेट कमी होतंय हे सगळ्यात आधी त्यांच्या जाळ्यांना कळलं. तळहातापेक्षा लहान पापलेट, ज्याने अजून एकदाही अंडी टाकलेली नाहीत, बाजारात ढिगाने येतं, आणि शहरातली माणसं 'ताटात मावेल असं' म्हणून तेच मागतात. काकीने तिचं सगळं आयुष्य हे ढीग लहान होत जाताना पाहिलंय. माझ्या मनात आलं, तिचा हातच दाखवावा. तिच्या हातातलं तेव्हाचं पापलेट आणि आताचं पापलेट, ती बोटांनी दाखवते तसं. पाण्याखाली जायची गरजच नाही. गेल्या तीन महिन्यांत मी मोबाइलवर अशा अकरा बायकांचे हात टिपले आहेत. त्याचं काय करायचं ते अजून ठरायचंय.

नऊ वाजून गेले, मतलई सुटला, पडदा फुगायला लागला. शिशाने तळ धरून ठेवला होता, पण वरचे दोर करकरत होते. मी प्रोजेक्टर बंद करायला गेले तर काका तिथे उभे.

"बाय, परत लाव."

मी म्हटलं, आता? सगळा?

"सगळा नाय. पयला तेवढा. पोहतंय ते."

मी लावला. आवाज काढून टाकला. बायका गोणपाटं गुंडाळता गुंडाळता थांबल्या. वाऱ्याने चादर मागे-पुढे होत होती, आणि तिच्यावरचा मासा त्या हालचालीत खरोखर पोहतोय असं दिसत होतं. दोन-तीन मिनिटांचाच भाग तो. काका पडद्याच्या अगदी जवळ गेले, इतके की त्यांच्या सदऱ्यावर ठिपके आले. गळ दिसायच्या आधी मी थांबवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीने पट्टी उसवून शिसं काढलं आणि मोजून भावाला दिलं. चादरी धुतल्या. बोंबलांचा वास दोन धुण्यांत गेला नाही, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीने सांगितला म्हणून मला कळला.

चुन्याचा मासा खळ्यावर तसाच होता. त्याच्यावरून कोणी सायकल नेली नाही. पाच-सहा दिवसांनी उधाण लागलं, डोली समुद्रात गेल्या आणि पहिल्याच पाण्याला टोपल्या भरून जवळा आला. मी सकाळी कॉलेजला जायला निघाले, तेव्हा काकी आणि तिची सून खळ्यावर जवळा पसरत होत्या. सगळं खळं मोकळं होतं. त्यांनी चुन्याच्या रेघेच्या आतच पसरायला घेतला होता, तोंडापासून.